तुरटी, लस आणि धोक्याची वर्दी

जुलै २०२५ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली. १९९७ ते २०१८ या काळात त्या देशात जन्मलेल्या १२ लाखांहून अधिक मुलांच्या आरोग्यविषयक नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. प्रश्न एकच होता: बालपणीच्या लशींमधून शरीरात गेलेल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे पुढे काही विकार जडतात काय? दम्यापासून स्वमग्नतेपर्यंतच्या ५० विकारांचा विचार करण्यात आला आणि त्यांपैकी कोणत्याही विकाराचा धोका वाढतो असा पुरावा मिळाला नाही. यावर पडदा पडावा अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट एफ. केनेडी (कनिष्ठ) यांनी पुढच्याच महिन्यात हा निबंध मागे घेण्यात यावा अशी मागणी केली आणि संपादकांनी ती नाकारली. याच केनेडी यांनी त्याच वर्षी जूनमध्ये लसीकरणाबाबत सल्ला देणाऱ्या समितीच्या सर्व १७ सदस्यांना एका फटक्यात दूर केले होते.

वॉशिंग्टनमधील या वादाचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. परंतु दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके ज्या देशात जन्माला येतात आणि जगाला लागणाऱ्या लशींचा फार मोठा हिस्सा ज्या देशात, त्यातही पुण्यात, तयार होतो, त्या देशाला या वादाकडे तटस्थपणे पाहता येणार नाही. आपल्याकडे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात बाळाच्या मांडीत टोचण्यात येणाऱ्या पंचगुणी लशीत, तसेच जन्मतःच दिल्या जाणाऱ्या काविळीच्या म्हणजे हिपॅटायटिस-बीच्या लशीतही ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते तेथे कशासाठी असतात, हा प्रश्न एखाद्या आईने विचारला तर त्याचे उत्तर आपल्या आरोग्यसेविकेला, शाळेतील विज्ञानशिक्षकाला, किंबहुना पुष्कळशा डॉक्टरांनाही नीट देता येईल काय? ज्या प्रश्नाला जाणकार उत्तर देत नाहीत, त्याला अफवा उत्तर देते. म्हणून हा विषय मुळापासून समजावून घेणे अगत्याचे आहे.

लशीतील या क्षाराची कुळकथा आपल्या घरच्या तुरटीपासून सुरू होते. गढूळ पाण्यात फिरवायची आणि दाढी झाल्यावर गालावर लावायची, ती हीच तुरटी. इंग्लंडमधील अलेक्झांडर ग्लेनी या संशोधकाने १९२६ मध्ये घटसर्पाचे निर्विष केलेले विष तुरटीच्या साहाय्याने साक्याच्या रूपात खाली बसविले आणि ते गिनिपिगांना टोचले. नुसत्या द्रावणाने जितका प्रतिकार निर्माण होई, त्यापेक्षा तो कितीतरी अधिक निर्माण झाला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये गॅस्तों रामों यांना असे दिसून आले होते, की टोचलेल्या जागी ज्या घोड्यांना गळू होते, त्यांच्या रक्तात प्रतिविषही अधिक तयार होते. तेव्हा त्यांनी लशीत पावाचा चुरा मिसळून पाहिला. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचा टॅपिओकाही मिसळून पाहिला. युक्ती लागू पडली, पण ती का लागू पडते हे कोणालाच ठाऊक नव्हते. लशीचे सत्त्व टोचलेल्या जागी साचून राहते व हळूहळू पाझरते, अशी एक सोयीची उपपत्ती सांगितली गेली आणि पाठ्यपुस्तकांतून ती अनेक दशके नांदली.

याच काळात प्रतिकारशास्त्राने मात्र मोठी झेप घेतली. शरीर 'स्व' आणि 'पर' यांतला भेद ओळखते व पराला हाकून लावते, हा विचार ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट आणि इंग्लंडचे पीटर मेडावर यांच्या संशोधनातून दृढ झाला. १९६० चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना विभागून मिळाले. सिद्धांत सुबक होता. परंतु तो जर सर्वस्वी खरा असेल, तर शुद्ध केलेले परके प्रथिन टोचताच शरीराने खवळून उठावयास हवे. प्रत्यक्षात बहुधा तसे होत नाही. त्यात तुरटी किंवा मेलेल्या जंतूंचे अंश घातले तरच शरीर जागे होते. गर्भ आईच्या पोटात नऊ महिने राहतो. त्याचा अर्धा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परकाच. तरीही आईचे शरीर त्याला सांभाळते. आपण रोज जेवतो ते अन्नही परकेच. येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये ही अडचण उघडपणे मांडली. लशीत घालावी लागणारी ही भेसळ म्हणजे आपल्या शास्त्राचे लपवून ठेवलेले गुपित आहे, अशा अर्थाची कबुली त्यांनी दिली आणि या कोड्याची उकल जंतूंना ओळखणाऱ्या प्राथमिक पेशींत दडलेली असावी असे भाकीत केले.

ते भाकीत खरे ठरले. फळांवरील माशीच्या शरीरात 'टोल' नावाचे एक प्रथिन बुरशीच्या संसर्गाविरुद्ध काम करते, हे ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखविले. तशाच जातीचे प्रथिन माणसातही असते, हे १९९७ मध्ये रुस्लान मेझितोव्ह व जेनवे यांनी दाखवून दिले. आणि जंतूच्या कवचातील विष नेमके अशाच एका प्रथिनाद्वारे ओळखले जाते, हे १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या उंदरांवरील संशोधनातून निष्पन्न झाले. दरम्यान पॉली मॅट्झिंगर या अमेरिकी संशोधक बाईंनी १९९४ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. शरीर परके कोण हे विचारतच नाही, नुकसान कोठे होते आहे एवढेच ते पाहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. गावात अनोळखी माणूस आला म्हणून कोणी पोलिसांत धाव घेत नाही. घर फुटले, आग लागली, तरच वर्दी दिली जाते. शरीराची रीतही अशीच आहे, असा या विचाराचा आशय.

ही वर्दी कोण देतो आणि कोणाला देतो? आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. बहुतेकींचे मरण शांत व शिस्तीचे असते. त्या स्वतःला आवरून घेतात आणि शेजारच्या पेशी त्यांची विल्हेवाट लावतात. परंतु जखमेने, भाजल्याने किंवा विषाणूच्या हल्ल्याने पेशी फुटली, की एरवी आतच राहणारी द्रव्ये बाहेर सांडतात. पेशीचे ऊर्जाद्रव्य एटीपी, युरिक आम्ल, केंद्रकातील डीएनए आणि त्याला बिलगून असणारी प्रथिने, ही सारी आपल्या जागी निरुपद्रवी असतात. जागा सोडून बाहेर दिसली, की तीच धोक्याची खूण ठरतात. त्वचेत व श्लेष्मल आवरणात शाखांसारखे हात पसरून बसलेल्या डेंड्रायटिक पेशी ही खूण ओळखतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये झॅनविल कोन यांच्यासह या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, तेव्हा अनेकांनी त्यांच्या म्हणण्याकडे संशयाने पाहिले. २०११ चे नोबेल पारितोषिक हॉफमन आणि बॉयटलर यांच्याबरोबर स्टाइनमन यांना जाहीर झाले, तेव्हा त्यांचे निधन होऊन तीन दिवस झाले होते व ते पारितोषिक समितीस ठाऊक नव्हते.

धोक्याची खूण पटली, की ही पेशी आपले नित्याचे भक्षणाचे काम थांबविते आणि लसिकावाहिनीतून जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघते. जेथे टोचले वा लागले, तेथून काखेतली किंवा जांघेतली गाठ सुजते, ती याच घडामोडींमुळे. तेथे टी पेशींची गर्दी असते आणि प्रत्येक टी पेशी एकच विशिष्ट आकार ओळखू शकते. डेंड्रायटिक पेशी आपल्याबरोबर आणलेला जंतूचा तुकडा त्यांच्यापुढे धरते. हा पहिला संकेत. परंतु टी पेशी एवढ्यावर हलत नाही. समोरच्या पेशीच्या अंगावर सीडी-८० व सीडी-८६ ही प्रथिने उगवलेली आहेत की नाहीत, हे ती आपल्या सीडी-२८ या ग्राहकाने चाचपून पाहते. धोका जाणवल्यावाचून ती प्रथिने पुरेशी उगवत नाहीत. हा दुसरा संकेत. मग कोणत्या प्रकारची लढाई लढावयाची हे सांगणारी रासायनिक द्रव्ये स्रवतात, तो तिसरा. तिन्ही जुळले, तरच ती टी पेशी द्विगुणित होत होत फौज उभारते, प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी पेशींना मदत करते आणि मारक पेशींना कामाला लावते. एवढेच नव्हे, तर उलट डेंड्रायटिक पेशीलाही ती प्रतिसंदेश देऊन अधिक सज्ज करते.

यातील खरी मेख पुढेच आहे. पहिला संकेत मिळाला आणि दुसरा मिळाला नाही, तर टी पेशी नुसती गप्प बसत नाही. ती बधिर होते. पुढे तोच तुकडा पुन्हा दिसला तरी ती सहसा उठत नाही. याचा अर्थ असा, की धोक्याच्या खुणेशिवाय दिलेली माहिती निरुपयोगी तर ठरतेच, पण प्रसंगी ती शरीराला त्या वस्तूविषयी उदासीन राहण्याचे शिक्षणही देते. लशीत तुरटीच्या कुळातील क्षार का घालावे लागतात, याचे उत्तर येथे मिळते. ते क्षार टोचलेल्या जागी अल्पसे नुकसान करतात. त्यातून युरिक आम्ल बाहेर येते असे २००८ मध्ये, आणि मरणाऱ्या पेशींतून सुटलेला डीएनए हाच वर्दीचे काम करतो असे २०११ मध्ये, उंदरांवरील प्रयोगांनी सुचविले. टोचल्यावर दोनच तासांनी ती गाठ काढून टाकली तरी प्रतिकार तितकाच निर्माण होतो, असेही दिसून आले. तेव्हा साठवण आणि पाझर यांची जुनी उपपत्ती मोडीत निघाल्यासारखीच आहे. तपशिलांबाबत शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. तथापि हा क्षार म्हणजे फसवी भेसळ नसून वर्दी आहे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही.

केनेडी यांच्या आक्षेपाचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. डेन्मार्कच्या पाहणीत ॲल्युमिनियम मुळीच न मिळालेली मुले फारच थोडी होती, अधिक आणि कमी मात्रा मिळालेल्या मुलांचीच मुख्यतः तुलना झाली, हा मुद्दा रास्त आहे व तो मांडण्यास हरकत नाही. परंतु मात्रेबरोबर धोका वाढत नाही, हा निष्कर्ष त्याने खोटा ठरत नाही. या क्षारांमुळे टोचलेल्या जागी सूज येते, क्वचित दीर्घकाळ खाजणारी गाठही राहते, हे वैद्यकाने कधी नाकारलेले नाही. लशीच्या एका मात्रेत ॲल्युमिनियम किती असावे याला युरोपीय औषधसंहितेने सव्वा मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे आणि शतकभराचा अनुभव गाठीशी आहे. निष्कर्ष आवडला नाही म्हणून निबंधच मागे घ्या असे मंत्र्याने म्हणणे, ही चिकित्सा नव्हे. तो अधिकाराचा दुरुपयोग होय.

या साऱ्या प्रकरणातून आपण घ्यावयाचा पहिला धडा असा, की 'प्रतिकारशक्ती वाढविणे' ही बाजारात रूढ झालेली भाषाच दिशाभूल करणारी आहे. २०२० च्या साथीनंतर काढे, गोळ्या, पेये आणि बिस्किटेसुद्धा या एका आश्वासनावर खपली. जणू प्रतिकारशक्ती म्हणजे रांजणातले पाणी. जितके भराल तितके बरे! वस्तुतः प्रतिकार ही राशी नसून तो निवाडा आहे. वर्दी खोटी असेल किंवा ती थांबतच नसेल, तर तोच प्रतिकार जीवघेणा ठरतो. संधिवाताच्या गाउट या प्रकारात सांध्यात युरिक आम्लाचे स्फटिक साचतात; जंतू एकही नसतो, पण खूण धोक्याची असल्याने अंगठा रात्रीतून लालबुंद होऊन ठणकू लागतो. मार्च २००६ मध्ये लंडनमधील एका रुग्णालयात सहा निरोगी तरुणांना चाचणीसाठी एक नवे औषध टोचण्यात आले. ते सीडी-२८ ला थेट चेतविणारे होते, म्हणजे पहिल्या संकेतावाचूनच ते टी पेशींना उठविणारे होते. दोन तासांच्या आत सहाही जण आजारी पडले आणि पुढे त्यांचे अवयव निकामी होऊ लागले. सुदैवाने सारे वाचले. दुसरा संकेत वाटेल तसा वाजविला तर काय होते, याचा तो भीषण पुरावा होता.

कोविडच्या साथीत हाच पाठ आपण फार मोठी किंमत मोजून गिरविला. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील चाचणीने दाखवून दिले, की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. कारण त्या अवस्थेत रुग्णाचा घात मुख्यतः न थांबणारी वर्दी करीत असते. त्याच चाचणीने हेही दाखविले होते, की ज्यांना प्राणवायू लागत नाही अशांना त्याचा उपयोग नाही. हे दुसरे वाक्य आपल्याकडे फारसे कोणी वाचले नाही. दुसऱ्या लाटेत किरकोळ ताप असलेल्यांनाही स्टेरॉइडे दिली गेली, मधुमेहींची साखर भडकली, आणि मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या म्हणजे म्युकरमायकोसिसच्या रुग्णांची नोंद सक्तीची करण्याची सूचना केंद्राला राज्यांना द्यावी लागली. ज्यांचे डोळे गेले, ज्यांचे जबडे काढावे लागले, अशांची संख्या महाराष्ट्रात थोडी नव्हती. वर्दी दडपणे हेही वर्दी वाजविण्याइतकेच जोखमीचे काम आहे.

दुसरा धडा लसनिर्मितीचा. हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत तयार केलेली प्लेगची लस म्हणजे उष्णतेने मारलेले समग्र जंतू होते. अशा लशीत वर्दी आपोआपच येते, आणि तिच्याबरोबर तापही येतो. आपल्या पंचगुणी लशीतील डांग्या खोकल्याचा घटकही असाच समग्र जंतूंचा आहे. अमेरिकेने १९९० च्या दशकात त्याऐवजी शुद्ध प्रथिनांचा घटक स्वीकारला. ताप कमी झाला, पण संरक्षणही तुलनेने लवकर ओसरू लागले. लस जितकी शुद्ध, तितकी ती मुकी, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच वर्दी नेमकी किती व कशी द्यावयाची, ही आज स्वतंत्र विद्या झाली आहे. कोव्हॅक्सिनमध्ये तुरटीच्या कुळातील क्षाराला टोल जातीच्या ग्राहकांना चेतविणाऱ्या रेणूची जोड दिलेली होती. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केलेल्या आर-२१ या हिवतापाच्या लशीत हे काम चिली देशातील एका वृक्षाच्या सालीतून काढलेले द्रव्य करते. याउलट आरएनए लशींपुढे अडचण होती ती अतिरेकी वर्दीची. रेणूत किंचित बदल करून ती कशी शांत करावी हे कातालिन कारिको व ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखविले आणि २०२३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकी सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये याच आरएनए लशींचे २२ प्रकल्प गुंडाळण्याचा निर्णय घेतला. त्यांची रक्कम सुमारे ५० कोटी डॉलर होती. याच तंत्राची भारतीय लस पुण्यातील जेनोव्हा कंपनीने तयार केली असून तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली होती. अमेरिका जेथून माघार घेत आहे, तेथे पुढे पाऊल टाकण्याची क्षमता आपल्याकडे आहे. ती इच्छाशक्तीअभावी वाया जाऊ नये.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा धडा विश्वासाचा आहे. केनेडी यांना टाळ्या मिळतात त्या केवळ अज्ञानामुळे नव्हेत. आजवर जाणकारांनी लोकांशी बोलताना 'काही होत नाही' या तीन शब्दांवर काम भागविले, हेही त्याचे एक कारण आहे. लशीनंतर काहीतरी होतेच. व्हावयास हवे म्हणूनच तो क्षार तेथे घातलेला असतो. बाळाला दोन दिवस ताप येईल, मांडी दुखेल, कारण शरीराने वर्दी घेतली आहे. आणि अमुक लक्षण दिसले तर मात्र ताबडतोब दवाखान्यात या, असे स्पष्ट शब्दांत सांगणारी आरोग्यसेविका कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वास निर्माण करते. तीच गोष्ट सरकारची. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी मान्यता देण्यात आली, तेव्हा तिच्या परिणामकारकतेची तिसऱ्या टप्प्यातील माहिती हाती आलेली नव्हती. लस पुढे उपयुक्त ठरली, म्हणून ती घाई योग्य ठरत नाही. लशीनंतरच्या प्रतिकूल घटनांची चौकशी वेळेवर व्हावी, तिचे निष्कर्ष मराठीसह सर्व भाषांत लोकांपुढे यावेत, आणि लशीच्या वेष्टनावरील प्रत्येक घटकाचे कार्य शालेय पाठ्यपुस्तकात समजावून सांगितले जावे, या मागण्या खर्चिक नाहीत. त्यांना केवळ पारदर्शकतेची सवय लागते.

२०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले, ते प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल. वर्दी देणारे, ती पारखणारे आणि काम झाल्यावर ती थांबविणारे, असे तिघेही असल्यावाचून शरीर टिकत नाही, हे या शास्त्राने गेल्या अर्धशतकात सिद्ध केले. सार्वजनिक जीवनातही शंका घेणारे हवेत, त्या पारखणाऱ्या संस्था हव्यात आणि पारख झाल्यावर तिचा निवाडा मानण्याची शिस्तही हवी. अमेरिकेत २०२५ मध्ये यांपैकी पारख करणाऱ्या संस्थेवरच घाव घालण्यात आला. आपल्याकडे ती संस्था अजून उभी आहे, पण ती मुखदुर्बळ आहे. तिला बोलते करणे हे काम सरकारचे आहे, तसेच वर्गात फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचेही आहे.